आधी पंचनामा, मग पॉवरहेड

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते आणि मालवण-देवबाग-वेंगुर्ला पट्ट्यातल्या आउटबोर्ड मिस्त्रींची धांदल सुरू होते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी पडवीत विणायला घेतलेली असतात आणि होडीच्या मागच्या फळीवरची मशीनं उतरून मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उभी राहतात. ३१ जुलैपर्यंत बंदी, मग नारळी पौर्णिमा. मधल्या दोन महिन्यांत वर्षभर दाबून ठेवलेली सगळी दुखणी बाहेर निघतात. कुणाचा गिअर पडत नाही, कुणाच्या पंख्याचं बुश फिरतंय, कुणाची स्टार्टरची दोरीच तुटली आहे. ही दुखणी तासा-दोन तासांची. पण दोरी ओढली आणि मशीन हललंच नाही, किंवा दोरी इतकी हलकी आली की आत काही दाबच नाही, तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवतो. तिथे पॉवरहेड, म्हणजे मशीनचं इंजिनच, गेलेलं असतं.

जुन्या आउटबोर्डचं पॉवरहेड बदलणं हे या धंद्यातलं सगळ्यात खर्चाचं काम आहे. नवं हेड घ्यायचं तर नव्या मशीनच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून बहुतेक जण दुसऱ्या मशीनवरचं जुनं हेड शोधतात आणि ते बसवून आठवड्याभरात दर्यात जायची घाई करतात. घाई समजण्यासारखी आहे, कारण हंगामाचे पहिले दिवस फुकट गेले तर त्यांची भरपाई पुढे होत नाही. पण चांगले मिस्त्री या घाईला बळी पडत नाहीत. हेड बदलण्यापूर्वी ते जुन्या हेडचा पंचनामा करतात. आधीचं कशाने मेलं ते कळल्याशिवाय दुसरं वर चढवायचं नाही, हा त्यांचा नियम. या लेखात मला सांगायचं आहे ते याच नियमाबद्दल.

तीन भागांचं यंत्र

आउटबोर्ड मशीनचे तीन भाग असतात. सगळ्यात वर पॉवरहेड, म्हणजे मूळ इंजिन: सिलिंडर, पिस्टन, क्रँक, कार्बुरेटर आणि डोक्यावर आडवं फिरणारं फ्लायव्हील. मध्ये लांब पोकळ पाय. त्यातून उभा ड्राइव्ह शाफ्ट खाली जातो, धूर खाली उतरतो आणि थंड करणारं पाणी नळीतून वर चढतं. तळाला गिअरबॉक्स आणि पंखा. गिअरबॉक्सच्या डोक्यावर पाण्याचा पंप बसवलेला असतो आणि त्यात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर ड्राइव्ह शाफ्टबरोबर फिरतो. मशीन चालू असताना मागून पाण्याची पिचकारी उडते ती या पंपाच्या जोरावर.

ही मांडणी शंभरहून जास्त वर्षं टिकून आहे. डेट्रॉइटचा कॅमेरॉन वॉटरमन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच होडीच्या मागे अडकवायची मशीनं विकू लागला होता. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९मध्ये मिलवॉकीत बनवलेल्या मशीनमुळे हा धंदा जगभर पसरला. एक सिलिंडर, दीड हॉर्सपॉवर, वजन साधारण २८ किलो. क्रँक उभा, फ्लायव्हील वर आडवं, तळाला पाण्याखाली गिअर. एव्हिनरूड कारागीर होता आणि धंद्याची बाजू त्याची पत्नी बेस सांभाळायची. जपानच्या यामाहाने १९६०मध्ये पहिलं आउटबोर्ड बाजारात आणलं आणि पुढे आशिया-आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर कष्टाच्या कामासाठी त्यांची साधी टू-स्ट्रोक मशीनं रूढ झाली. केरळात अशी मशीनं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची रीत पडली. कोकणात लहान होड्यांवर, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींवर आणि स्कूबाच्या बोटींवर ती दिसतात.

तीन भाग वेगळे असल्यामुळेच पॉवरहेड बदलता येतं. पायाच्या बाजूने वर जाणारे बोल्ट सोडले, इंधनाची नळी, गिअरची आणि थ्रॉटलची जोडणी, वायरी काढल्या की इंजिन वरून उचलून घेता येतं. १५ हॉर्सपॉवरचं हेड एक माणूस उचलतो. मात्र या सोयीतच धोका आहे. नवं हेड येतं, पण पाय, पाण्याची नळी, पंप आणि पेट्रोलची टाकी तीच राहते. मारणारा दोष या चारांपैकी एकात असेल, तर तो नव्या हेडची वाट बघत तिथेच बसलेला असतो.

वरचाच सिलिंडर का?

हे मी देवबागच्या बाजूला एका शेडमध्ये नीट पाहिलं. मशीन यामाहा एन्ड्युरो, १५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, २४६ सीसी, बऱ्याच पावसाळ्यांचं. मालक तरुण तांडेल. दुसऱ्या मशीनवरचं हेड त्याने पोत्यात गुंडाळून बरोबरच आणलं होतं.

"काका, ह्या घाला आणि दिया. आयतवारी होडी लोटूची आसा."

"पयला कित्याक मेला ता आधी बघूया," मिस्त्री म्हणाले आणि प्लग काढायला लागले.

दोन्ही प्लग काढून त्यांनी प्लगच्या वायरी अंगाला जोडल्या, म्हणजे ठिणगीला वाट मिळते आणि ठिणगी पुरवणारा सीडीआय बॉक्स जळत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून वरच्या भोकात प्रेशर गेज बसवलं आणि दोरी चार-पाच वेळा ओढली. मग खालच्या भोकात. दोन आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. इथे वरच्या सिलिंडरचा दाब खालच्याच्या निम्म्यावरही नव्हता. हेडचं झाकण काढल्यावर कारण दिसलं: वरच्या पिस्टनच्या अंगावर उभे चरे, सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियम चिकटलेलं, रिंग खाचेत घट्ट बसलेली. खालचा सिलिंडर मात्र स्वच्छ.

इथून पंचनामा सुरू झाला. या मशीनला कार्बुरेटर एकच. तेच पेट्रोल-ऑइल दोन्ही सिलिंडरना जातं. ऑइल कमी पडलं असतं तर दोन्ही पिस्टन ओरखडले असते, बेअरिंगवर निळी झाक आली असती. मग फक्त वरचा का गेला? मिस्त्रींच्या हिशेबात दोन संशयित उरले. पहिला, क्रँकचं वरचं ऑइलसील. ते सुटलं तर वरच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि गरमी जास्त. दुसरा, पाणी. थंड करणारं पाणी कमी पडलं की वाफ आणि हवा वरच्या बाजूला साठते आणि वरचा सिलिंडर आधी तापतो.

सील काढून बघितलं. त्याची कड मऊ होती, शाफ्टला धरून होती. राहिलं पाणी.

"पाणी येय होता मा?"

"येय होता, काका. वायच बारीक, पण येय होता."

"बारीक कधीपासून झाला?"

तांडेलाने आठवून सांगितलं, "चवथीपासून."

चतुर्थीच्या सुमाराला कुठेतरी इम्पेलर बदलला होता. जुन्या इम्पेलरच्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या. नवा बसवला, पिचकारी उडाली, काम झालं असं सगळ्यांनी धरलं. तुटलेल्या पाकळ्या कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी गिअरबॉक्स खाली उतरवला, पायातली पाण्याची नळी ओढून काढली आणि उजेडासमोर धरली. वरच्या टोकाच्या बाकाशी रबराचा काळा तुकडा आडवा अडकलेला, त्याच्याभोवती मिठाचा पांढरा खडा. तारेने ढकलल्यावर तो शेडच्या कोब्यावर पडला. नखाएवढाच होता, पण नळीची निम्म्याहून जास्त वाट त्याने अडवली होती.

होडी हळू चालत असेल तोवर उरलेलं पाणी पुरत होतं. भरल्या जाळ्यासकट पूर्ण थ्रॉटलवर बंदराकडे येताना ते पुरलं नाही. पिचकारी शेवटपर्यंत उडत होती, कारण ती पंप चालतो एवढंच सांगते. सिलिंडरभोवती पुरेसं पाणी फिरतं का, हे तिच्यावरून कळत नाही. आणि हा तुकडा ज्या नळीत होता ती नळी पॉवरहेडचा भाग नाही, पायाचा भाग आहे. पोत्यातलं हेड त्या दिवशी तसंच चढवलं असतं, तर पुढच्या चतुर्थीला तेही याच वाटेने गेलं असतं.

मरणाच्या खुणा

चांगला मिस्त्री पिस्टन हातात घेऊन मशीनचा इतिहास वाचतो. पिस्टनच्या चारही बाजूंना ओरखडे म्हणजे गरमीने फुगून पिस्टन भिंतीला घासला. माथ्याला मध्यभागी भोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग चुकीचा. माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी म्हणजे पेट्रोल ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटत होतं. बेअरिंगवर तांबेरा म्हणजे आत पाणी शिरलं: हेडच्या पॅकिंगमधून, धुराच्या झाकणातून किंवा खालच्या पॅकिंगमधून. दोन्ही सिलिंडर सारखेच कोरडे असतील, तर ऑइल मोजून घातलं नव्हतं.

या यादीत अलीकडे पेट्रोलचं प्रकरण वाढलं आहे. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाडीत ते चार-आठ दिवसांत संपतं. होडीची टाकी मात्र खाऱ्या दमट हवेत उभी असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळलेलं ऑइल त्या वरच्या थरातच राहतं. टाकीची नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे इंजिनच्या वाट्याला ऑइल नसलेलं, पाणीमिश्रित इंधन येतं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉलने फुगतात, चिरतात, तो आणखी एक ताप. उपाय साधे आहेत: दोन-चार दिवसांत संपेल एवढंच पेट्रोल मिसळायचं, टाकीला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा, जुन्या नळ्या बदलायच्या आणि मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करायचा. हेडच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

बोल्ट सोडवण्याची विद्या

कागदावर पॉवरहेड काढणं म्हणजे बोल्ट सोडणं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या मशीनवर तेच सगळ्यात अवघड असतं. अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा, मध्ये खारं पाणी. दोन धातूंमध्ये बारीक वीज वाहू लागते आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये फुगते. बोल्ट जणू तिथेच ओतलेला असावा असा बसतो. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं.

शेडमधल्या त्या मशीनचे मागचे दोन बोल्ट असेच होते. मिस्त्रींनी आदल्या रात्री त्यांना गंज सोडवणारं तेल पाजून ठेवलं होतं. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके दिले, म्हणजे आतली पूड तडकते. मग गॅसची बारीक ज्योत बोल्टवर न धरता भोवतालच्या अंगावर फिरवली. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. रंग न बदलता ते एकदम वितळतं. म्हणून ज्योत सतत फिरती ठेवायची आणि मधूनमधून मेणबत्तीचं टोक लावून बघायचं. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं की गरमी पुरे. त्यानंतर पाना आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित, मग सोडायच्या दिशेने किंचित, असा पुढे-मागे. पहिला बोल्ट करकरत फिरला तेव्हा शेडमधले सगळे बोलायचे थांबले होते. दुसरा वीस मिनिटांनी आला. दोन्हींच्या आट्यांना पांढरी पूड चिकटली होती.

बोल्ट तुटलाच तर मधोमध पंच मारून ड्रिल करायचं, टॅप मारायचा, आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवायची. ड्रिल थोडं तिरकं गेलं तर चांगलं अंग वाया जातं. म्हणून घाईत ओढलेला एक पाना कधी कधी पॉवरहेडपेक्षा महाग पडतो.

जुनं हेड घेताना

जुन्या हेडच्या बाजारात डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिली गोष्ट मॉडेलचा कोड. दिसायला सारखी मशीनं वेगवेगळ्या वर्षांत बदललेली असतात: ड्राइव्ह शाफ्टचे दात वेगळे, खालच्या पॅकिंगची भोकं वेगळी, धुराचा मार्ग वेगळा. अनेक जुन्या मॉडेलांत ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरची मशीनं एकाच सिलिंडर-ब्लॉकवर बांधलेली असतात, फरक कार्बुरेटर, रीड अशा वरच्या भागांत असतो. तिथे ब्लॉक चालतो, पण वरचे भाग आपल्या मशीनचे ठेवावे लागतात.

दुसरी गोष्ट, सुटं हेड विकत घेताना प्लगच्या भोकातून आणि धुराच्या बाजूने टॉर्च मारून सिलिंडरच्या भिंती बघायच्या, फ्लायव्हील हाताने फिरवून क्रँक खरखरतो का ते ऐकायचं, वर-खाली हलवून ढिलाई बघायची. बुडालेल्या मशीनचं हेड बाहेरून चकाचक असलं तरी त्याची बेअरिंग आतून खाऊन गेलेली असतात. क्रँकची सीलं आणि पॅकिंग काही न बघता नवी घालायची. तिसरी गोष्ट, मशीन कुणाचं होतं आणि कागद आहेत का, हे विचारायचं. किनाऱ्यावरून मशीनं चोरीला जातात आणि सुटे भाग होऊन विकली जातात. दुसऱ्या तांडेलाच्या पोटावर पाय देऊन आपली होडी चालवू नये.

मूळ कंपनीच बंद झाली तर जुनी मशीनं पोरकी होतात. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही नावं सांभाळणारी अमेरिकी कंपनी २०००च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. ही नावं पुढे कॅनडाच्या बीआरपीकडे आली आणि तिने २०२०मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनच थांबवलं. ज्यांच्याकडे अशी मशीनं आहेत त्यांच्यासाठी जुनं हेड हाच साठा. म्हणून मेलेलं हेडही भंगारात न देता त्याचा क्रँक, कॉइल, झाकणं जपून ठेवणारे मिस्त्री भविष्यातल्या होड्या वाचवत असतात.

चढवणी आणि रनिंग

शेडमध्ये नळी साफ झाली, पंपाला नवा इम्पेलर आणि नवी प्लेट बसली. नव्या हेडच्या पाण्याच्या वाटा तारेने आणि गोड्या पाण्याने मोकळ्या केल्या. पायाचा वरचा सपाट भाग लाकडी पट्टीने खरवडला. लोखंडी पातं लावलं की चरा पडतो आणि तिथून पुढे पाणी झिरपतं.

ड्राइव्ह शाफ्टच्या दातांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावलं, पण शाफ्टच्या माथ्यावर थेंबही ठेवला नाही. तिथे ग्रीस साठलं तर ते क्रँकच्या भोकात दबतं आणि शाफ्ट पूर्ण वर जात नाही. नवं पॅकिंग, मग हेड सरळ खाली. बोटभर फट राहिली तेव्हा तांडेल बोल्ट आवळायला सरसावला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. फट म्हणजे दात जुळलेले नाहीत. बोल्टने ओढून बसवलं तर दात किंवा क्रँक जातो. त्यांनी फ्लायव्हील किंचित फिरवलं आणि हेड आपल्या वजनानेच खाली बसलं. मग बोल्टना ग्रीस लावून, समोरासमोरचे जोड्यांनी, दोन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळले. फ्लायव्हीलचा निमुळता भाग मात्र पुसून कोरडा ठेवला. तिथे पकड कोरड्या धातूचीच हवी.

मशीन पिंपातल्या गोड्या पाण्यात चाललं तेव्हा पिचकारी जाड आणि सरळ आली. त्यानंतर मिस्त्रींनी तांडेलाकडून रनिंगचा, म्हणजे बसवलेलं हेड रुळेपर्यंतच्या पहिल्या तासांचा, हिशेब पाठ करून घेतला. पहिल्या दहा तासांत लिटरला चाळीस मिलिलिटर ऑइल, म्हणजे २५ला १. पुढे वीस मिलिलिटर, म्हणजे ५०ला १. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, दुसरा पाऊणपर्यंत, उरलेल्या आठ तासांत पूर्ण थ्रॉटल पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. रनिंग संपलं की पूर्ण थ्रॉटलवर फेरे मोजायचे. या मशीनला ४५०० ते ५५०० मिळायला हवेत. कमी मिळत असतील तर पंखा मोठा आहे किंवा होडी जड आहे आणि मशीन रोज ओझ्याखाली चिरडतंय.

ही विद्या कुणी जपायची?

जुन्या टू-स्ट्रोकच्या विरोधातला मुद्दा खरा आहे आणि तो झाकून चालणार नाही. साध्या टू-स्ट्रोकमध्ये पाव भागापर्यंत पेट्रोल न जळता धुराबरोबर बाहेर पडतं, म्हणजे थेट दर्यात. अमेरिका-युरोपात ही मशीनं फोर-स्ट्रोकपुढे मागे पडली ती उगाच नव्हे. कोकणातही हळूहळू तोच बदल होईल आणि व्हायला हवा. पण बदल होईपर्यंत हजारो लहान कुटुंबांची चूल याच मशीनवर पेटते. आणि नीट पंचनामा करून दुरुस्त केलेलं मशीन कमी पेट्रोल पितं, कमी धूर सोडतं आणि दर्यात मधेच बंद पडून माणसं धोक्यात घालत नाही.

हा प्रश्न किनाऱ्यापुरताही नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं तेव्हा एनडीआरएफच्या रबरी बोटींना अशीच आउटबोर्ड मशीनं लावलेली होती. बचावाचं मशीन वर्षभर उभं असतं आणि एका दिवशी ते पहिल्या दोरीला सुरू व्हावं लागतं. जुनं पेट्रोल, सुकलेला इम्पेलर, मिठाने बुजलेली नळी हे शत्रू तिथेही तेच.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावरच्या आयटीआयमध्ये मोटारसायकल आणि डिझेल इंजिनाबरोबर आउटबोर्डची दुरुस्तीही शिकवली जावी, आणि शिकवायला या शेडमधले मिस्त्री मानधनावर बोलवावेत. त्यांच्या हातात जे आहे ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सापडत नाही. आणि प्रत्येक होडीमालकाने मशीनची एक वही ठेवावी: इम्पेलर कधी बदलला, जुन्याच्या पाकळ्या पूर्ण निघाल्या का, पेट्रोल कोणत्या तारखेचं, दोन्ही सिलिंडरचा दाब किती. देवबागच्या त्या मशीनची अशी वही असती, तर "पिचकारी बारीक झाली" ही एक ओळ चतुर्थीलाच लिहिली गेली असती. नळी तेव्हाच उघडली असती, पॉवरहेड वाचलं असतं आणि तांडेलाचे पैसे नव्या जाळ्यासाठी शिल्लक राहिले असते.